रोलर कोस्टरची रांग

जत्रेतला आकाशपाळणा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. पाळणा वरून खाली येऊ लागला की पोटात गोळा येतो, आपण डोळे गच्च मिटतो आणि उतरल्यावर पुन्हा बसायचा हट्ट धरतो. रोलर कोस्टर हे याच गमतीचे थोरले भावंड. उंच सांगाड्यावर रूळ टाकायचे, त्यावरून डब्यांची छोटी गाडी सोडायची आणि माणसांना घाबरण्याचा आनंद द्यायचा, एवढाच त्याचा उद्योग. या आनंदाचे वेडे अमेरिकेत इतके आहेत की १९७८ साली त्यांनी आपली संघटनाच काढली. पदरचे पैसे खर्चून ही मंडळी एकामागून एक उद्याने पालथी घालतात.

अशा शौकिनाचा एक दिवस आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. स्थळ, ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहराजवळचे ‘किंग्ज आयलंड’ हे उद्यान.

फाटक उघडण्याआधीच हा गृहस्थ रांगेत हजर असतो. आत शिरल्यावर तो इकडेतिकडे रेंगाळत नाही, तडक ‘ओरायन’ गाठतो. कारण थोड्याच वेळात तिथे गर्दी उसळणार हे त्याला ठाऊक असते. २०२० साली सुरू झालेल्या ओरायनचा पहिला उतार ३०० फुटांचा आणि वेग ताशी सुमारे १४६ किलोमीटर. पुढे बसायचे की मागे, हाही त्याच्या लेखी मोठा प्रश्न. पुढे बसले तर समोर नुसते आकाश दिसते. मागे बसले तर आधी उतरलेले डबे आपल्या डब्याला माथ्यावरून जोरात ओढतात आणि माणूस क्षणभर बाकावरून अधांतरी उचलला जातो. त्या एका क्षणासाठी ही सारी यातायात!

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे, म्हणून या यंत्राचा जमाखर्चच मांडून दाखवतो. अशा गाडीला बहुधा इंजिन नसते. साखळी तिला पहिल्या टेकडीवर ओढून नेते. ती झाली आरंभीची शिल्लक. पुढे उंची खर्च करून वेग घ्यायचा आणि वेग खर्च करून पुन्हा उंची. प्रत्येक व्यवहारात घर्षण आणि वारा आपली दस्तुरी कापून घेतात, म्हणून पुढची टेकडी पहिलीपेक्षा ठेंगणी ठेवावी लागते. चढताना कटकट आवाज येतो. नवखा त्याने घाबरतो, शौकीन मात्र निर्धास्त होतो. कारण साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खिटीचा तो आवाज असतो. चाके रुळाच्या वर, कडेला आणि खालीही असतात. खालच्या चाकाचे पेटंट जॉन मिलर या अमेरिकन रचनाकाराने १९१९ साली घेतले, आणि गाडी रूळ सोडून उडण्याची भीती गेली. घाबरण्याची मजा लुटायची तर आधी कुणीतरी हिशेब चोख करून ठेवावा लागतो.

दुपारी आमचा शौकीन ‘रेसर’वर जातो. १९७२ सालच्या या लाकडी कोस्टरवर दोन गाड्या शेजारी शेजारी शर्यत लावतात. ‘बीस्ट’ मात्र तो रात्रीसाठी राखून ठेवतो. १९७९ साली सुरू झालेला हा जगातला सर्वांत लांब लाकडी कोस्टर, सुमारे सव्वादोन किलोमीटरचा. तो झाडीतून धावतो. अंधारात पुढचे वळण दिसत नाही, चार मिनिटे कुणी कुणाला ओळखत नाही. सगळे एकाच सुरात ओरडतात.

परंतु एकाच सुरात ओरडण्याचा हा हक्क त्या शहरात सर्वांना सहज मिळालेला नाही. किंग्ज आयलंड १९७२ साली उघडले. त्याआधी शहराचे उद्यान ओहायो नदीच्या काठी होते. त्याचे नाव ‘कोनी आयलंड’. तिथे नदीचे पाणी वारंवार शिरे, म्हणून नवे उद्यान दूर उभारून बरेचसे पाळणे तिकडे हलवले. त्या जुन्या फाटकातून काळ्या माणसांना आत सोडीत नसत.

१९५२ साली मेरियन स्पेन्सर या काळ्या मातेच्या दोन मुलांनी दूरदर्शनवर या उद्यानाची जाहिरात पाहिली आणि हट्ट धरला. आईने फोन केला. सर्व मुलांना प्रवेश आहे ना, असे विचारले. होकार आला. आम्ही निग्रो आहोत, असे सांगताच त्याचा नकार झाला. त्या स्वतः फाटकावर गेल्या, तेव्हा बंदूकधारी रक्षकाने अडवले. बाई न्यायालयात गेल्या. १९५५ साली फाटक उघडले, पण पोहण्याचा तलाव आणि नृत्यगृह बंदच राहिले. पाळण्यात शेजारी बसलेले चालेल, पाण्यात नको! ते पाणी खुले व्हायला १९६१ साल उजाडावे लागले. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या आमच्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

कुणी म्हणेल, शाळा, नोकऱ्या, घरे असे प्रश्न पडले असताना पाळण्यासाठी कोर्टकचेरी कशाला? डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात याचे उत्तर आहे. सहा वर्षांच्या मुलीला ‘फनटाउन’ नावाच्या उद्यानात का जाता येत नाही, हे सांगताना बापाची जीभ कशी अडखळते, ते त्यांनी त्यात लिहिले आहे. आपण कमी आहोत, हा धडा मूल शाळेच्या पुस्तकातून शिकत नाही. खेळाच्या फाटकावर शिकते. म्हणून मेरियनबाईंचा लढा लहान नव्हता. पुढे १९८३ साली त्या सिनसिनाटीच्या नगर परिषदेवर निवडून आल्या. तिथवर पोहोचलेल्या त्या पहिल्या काळ्या महिला. २०१९ साली, ९९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपल्या घरांत सहल आणि मौजमजा म्हणजे वायफळ खर्च, असे अजून मानले जाते. कष्टाने वर आलेल्या माणसांचे ते खरेही आहे. तरीही आमचे आईवडिलांना सांगणे आहे, मुलांच्या आनंदाला घरखर्चात एक रकाना ठेवा. आज फाटकावर रंग विचारत नाहीत, तिकिटाचे पैसे मात्र विचारतात. खोपोलीजवळ ‘इमॅजिका’मध्ये २०१३ पासून मोठे कोस्टर आहेत. एकट्या घराला ते परवडत नसेल तर मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून चार पैसे बाजूला काढून वस्तीतल्या मुलांची सहल काढावी. तेही न जमले तर गावच्या जत्रेतला पाळणा आहेच. रांगेत उभे असताना मुलांना मेरियन स्पेन्सर हे नाव सांगायला मात्र विसरू नका. रांग लांब असते, गोष्टीला वेळ पुरतो.