क्विडिच भरतीचे नाही



हॅरी पॉटरमधील क्विडिच हा खेळ वगळला तरी कथेचे काही बिघडत नाही, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. सोनेरी स्निच हा चेंडू पकडणाऱ्या संघाला एकदम १५० गुण मिळतात, म्हणून बाकीचे खेळाडू निरर्थक ठरतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप. पण चौथ्या भागातील विश्वचषकाचा अंतिम सामना त्यांनी आठवावा. स्निच प्रतिस्पर्धी संघाचा क्रुम पकडतो आणि तरीही आयर्लंड १७०-१६० असे जिंकते. तिसऱ्या भागात तर हॅरीच्या ग्रिफिंडोर संघाला एकूण गुणांत २०० ची पिछाडी भरून काढायची असते. त्यामुळे ५० हून अधिक गुणांची आघाडी मिळेपर्यंत हॅरीला स्निच पकडण्याची मुभाच नसते.

गुणपद्धत एकांगी आहे, हे मान्य. पण कादंबरीतील खेळ नियमावलीसाठी नसतो, माणसे उघडी पाडण्यासाठी असतो. वडिलांनी अख्ख्या संघाला निंबस २००१ हे उडते झाडू घेऊन दिले आणि हॅरीचा शाळेतला वैरी मॅल्फॉय संघात आला; पैसा आणि वशिला यांवर वेगळे भाष्य कशाला हवे? हॅरीचा मित्र रॉन याचा न्यूनगंड पाचव्या भागात गोलपाशीच दिसतो आणि तिथेच थोडा सुटतो.

इंग्रजी वसतिशाळेच्या कथेत मैदान १८५७ च्या ‘टॉम ब्राउन्स स्कूलडेज’पासून आहे. हॅरी पॉटरच्या लेखिका रोलिंगबाईंनी ते हवेत उचलले, एवढेच. शेवटच्या भागात शाळेतला एकही सामना नाही. युद्धाने मुलांचे काय हिरावले, हे त्यावरूनच कळते. क्विडिच आधी रंगले नसते, तर ही उणीव जाणवली असती का?

— एक वाचक, पुणे