फोकस मध्यरेषेवर

कबड्डीचा मोसम आला की आमच्याकडे छापण्यासाठी छायाचित्रांचा ओघ सुरू होतो, आणि त्यांत एक दोष वरचेवर दिसतो. चढाईपटू अंग झोकून मध्यरेषेकडे हात लांबवतो आहे, क्षण अगदी नेमका पकडला आहे. पण त्याचा चेहरा धूसर, आणि मागे राहिलेल्या बचावपटूच्या जर्सीवरचा आकडा मात्र लख्ख. अशा वेळी कॅमेरा जुना झाला म्हणून हळहळण्याआधी मैदानाची मापे डोळ्यांपुढे आणावीत.

पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब. म्हणजे अंतिम रेषेपासून मध्यरेषा साडेसहा मीटर. तुम्ही अंतिम रेषेमागे अडीच मीटरवर बसलात, तर मध्यरेषा नऊ मीटरवर आली. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर 200 मिमी आणि एफ 2.8 ठेवल्यास या अंतरावर जेमतेम फूटभर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. सेकंदाला पाच मीटर वेगाने झेपावणारा खेळाडू तो पट्टा सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्यात पार करतो. तीच लेन्स 135 मिमीवर आणली की पट्टा पाऊण मीटरच्या घरात जातो. चौकटीत खेळाडू थोडा लहान दिसेल, पण त्याचे डोळे स्पष्ट येण्याची शक्यता खूपच वाढते. हा सौदा जरूर करावा.

बसायचे कुठे? आमचे मत स्पष्ट आहे: चढाई करणाऱ्या संघाच्या मागे. जाताना चढाईपटूची पाठ दिसते, पण परतताना तो थेट तुमच्या अंगावर येतो, मागे बचावपटूंची साखळी घेऊन. सुटायचे तर त्याला मध्यरेषा गाठावीच लागते. बऱ्याच खेळांत घटनेची जागा इतकी आधी कळत नाही. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा जागा न सोडता दोन्ही संघांचे चढाईपटू मिळतात.

मात्र या जागेवर चेहरा ओळखणारी यंत्रणा हमखास फसते. चढाईपटू पाठमोरा असतो आणि समोरचे सातही चेहरे कॅमेऱ्याकडे रोखलेले. यंत्रणा त्यांतलाच एखादा धरून बसते. म्हणून चढाई सुरू होतानाच लहान फोकस-क्षेत्र निवडून ते चढाईपटूच्या पाठीवर ठेवा आणि सलग फोकस चालू राहू द्या. दुसरी अडचण त्याच्या स्वतःच्या सहकाऱ्यांची. ते याच अर्ध्या मैदानात फिरत असतात आणि मधूनच आडवे येतात. यावर मागच्या बटणाने फोकस करण्याची सवय फार उपयोगी पडते: कोणी आडवे आले की अंगठा उचलायचा, फोकस होता त्या अंतरावर थांबतो, वाट मोकळी झाली की पुन्हा दाबायचे. अडथळा आल्यावर कॅमेऱ्याने नव्या वस्तूकडे किती चटकन वळावे, हे ठरवणारी सोय बहुतेक वरच्या श्रेणीतल्या कॅमेऱ्यांत असते. कबड्डीसाठी ती ‘सावकाश’च्या बाजूला ठेवावी.

घरी आल्यावर फसलेली छायाचित्रे लगेच पुसू नका. ती मोठी करून जमीन पाहा. मातीच्या मैदानावर फक्कीच्या रेषेचे कण, मॅटवर दोन तुकड्यांचा सांधा कुठे लख्ख आहे, तिथे फोकस पडला होता. तो चढाईपटूच्या पायांमागे असेल तर कॅमेरा बचावपटूंकडे सरकला. पुढे असेल तर आडव्या आलेल्या सहकाऱ्याने तो ओढून घेतला. आणि जमीन त्याच्या पावलांपाशीच स्पष्ट असून हात-चेहरा तेवढा फराटल्यासारखा दिसत असेल, तर फोकस बरोबर होता, शटर कमी पडले. 1/500 सेकंदात तोच खेळाडू एक सेंटिमीटर सरकतो, 1/1000 मध्ये अर्धा. संध्याकाळच्या मंडळांच्या सामन्यांत उजेड अपुरा असतो हे मान्य. तिथे आयएसओ 6400 पर्यंत बेलाशक वाढवा. दाणेदार चित्र आम्ही छापू, फराटलेला चेहरा छापता येत नाही.

या मोसमातली छायाचित्रे पाठवताना कोणत्या बाजूला बसला होता, लेन्स किती मिमीवर होती आणि शटर किती होते, एवढे सोबत जरूर लिहा. मध्यरेषेवरची निवडक छायाचित्रे या तपशिलांसह छापण्याचा आमचा विचार आहे.