वेगाच्या बोटी : नफ्याआधी जिवाचा हिशेब

माजलगावचे धरण भरले, मांजराचे पाणी धनेगावच्या दरवाजांना टेकले की बीड जिल्ह्याच्या बाजारपेठेत एक चर्चा हमखास निघते. एवढे पाणी आहे, मग त्यावर स्पीड बोटी का नाहीत? पर्यटक येतील, हॉटेले चालतील, तरुण पोरांच्या हाताला काम मिळेल. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी मुनावळे येथे २०२४ मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झाले, तर आम्हीच मागे का, असेही विचारले जाते.

प्रश्न वाजवी आहे. आम्ही कापडाचे व्यापारी. ईद, दिवाळी आणि लग्नसराई सोडली तर आमच्या पेठेत माश्या मारायची वेळ येते. बाहेरचे चार लोक जिल्ह्यात येऊन पैसा खर्च करणार असतील तर ते आम्हाला हवेच आहे. तेव्हा या धंद्याला आमचा विरोध आहे असे कोणी समजू नये. पण भांडवल लावण्याआधी मालाची पारख करावी, हा तिजारतीचा पहिला नियम आहे. स्पीड बोटवाला जो माल विकतो त्याचे नाव वेग. या मालाची पारख अजून आमच्याकडे कोणी केलेली दिसत नाही.

मुंबईत १८ डिसेंबर २०२४ रोजी काय झाले ते सर्वांनी वाचले आहे. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक स्पीड बोट येऊन आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला, असे नौदलाने सांगितले. एकूण १५ जीव गेले. त्यांत एक नौसैनिक आणि इंजिन कंपनीची दोन माणसेही होती. 'नीलकमल'चा परवाना ८४ प्रवासी आणि ६ खलाशी यांचा होता. त्या दिवशी तिच्यावर शंभराहून अधिक लोक होते आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते.

यात धडा कोणता? ती स्पीड बोट सहलीची नव्हती. ती शिकलेल्या माणसांच्या हातात होती, उघडा समुद्र होता, दिवसाढवळ्याची वेळ होती, मदतीला बंदराच्या, नौदलाच्या आणि पोलिसांच्या बोटी हाकेच्या अंतरावर होत्या. तरी पंधरा जनाजे आणि अंत्ययात्रा निघाल्या. मग जिथे चालवणारा पंधरा दिवसांत शिकलेला, मदतीची बोट एकही नाही आणि जवळचा मोठा दवाखाना तासाभराच्या रस्त्यावर, तिथे काय होईल याचा अंदाज वाचकांनीच करावा.

वेगाचे गणित सरळ आहे. बोट ताशी ४० किलोमीटरने धावत असेल तर ती एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. मोटारीला ब्रेक असतो, बोटीला नसतो. इंजिन बंद केले तरी ती आपल्या जोराने पुढे सरकत राहते. वेग घेताना तिचे तोंड वर उचलले जाते आणि चालवणाऱ्याला समोरचे पाणी दिसेनासे होते. समोर पोहणारा पोरगा असो की मासे धरणाऱ्याचे जाळे, काही क्षण ते त्याच्या नजरेआड असते. पाण्यावरच्या स्कूटरची गोष्ट आणखी वेगळी. ती मागे फेकल्या जाणाऱ्या पाण्याच्या झोताने वळते. नवशिका घाबरून एक्सिलरेटर सोडतो, झोत थांबतो, आणि मग हँडल कितीही फिरवले तरी स्कूटर सरळच जाते. वाचण्यासाठी केलेली हालचालच घात करते. नीम हकीम खतरा-ए-जान म्हणतात, ते इथे अक्षरशः लागू आहे.

दुसरी गोष्ट एका दोरीची. स्पीड बोटीच्या इंजिनाला एक छोटी दोरी असते. तिचे एक टोक बटणाला आणि दुसरे चालवणाऱ्याच्या पायाला किंवा कमरेला बांधायचे असते. तो पाण्यात फेकला गेला की दोरी निघते आणि इंजिन बंद पडते. इंग्लंडमध्ये पॅडस्टो येथे मे २०१३ मध्ये सहा जणांचे एक कुटुंब अशा बोटीतून पाण्यात फेकले गेले. दोरी बांधलेली नव्हती. रिकामी बोट पूर्ण वेगाने गोल गोल फिरत राहिली आणि तिने त्यांच्याच अंगावरून फेरे घेतले. बाप आणि आठ वर्षांची मुलगी गेली, बाकीचे जखमी झाले. अमेरिकेत २६ फुटांखालच्या बोटींवर ही दोरी किंवा तशी सोय वापरणे १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचे झाले. दोरीची किंमत एका साध्या शर्टाच्या कापडाएवढी. ती बांधण्याचा कंटाळा मात्र फार महागात पडतो.

आता जॅकेटविषयी. हा तर आमच्याच धंद्याचा विषय आहे. सहलीच्या ठिकाणी जॅकेटे हातात घेऊन पाहिली की आम्हाला आधी कापड दिसते. उन्हाने रंग उडालेले नायलॉन म्हणजे ताकद गेलेले नायलॉन. सुती धाग्याची शिलाई पाण्याने कुजते. आतला फोम बसायला गादी म्हणून वापरला की दबतो आणि तरंगण्याचा गुण घालवतो. बकल तुटले म्हणून सुतळीने बांधलेले जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जाते. मोठ्या माणसाचे जॅकेट मुलाला घातले तर मूल खाली सरकते आणि जॅकेट वर राहते. तुर्कस्तानात इझमीर येथे जानेवारी २०१६ मध्ये पोलिसांनी एका कारखान्यातून १,२६३ खोटी जॅकेटे जप्त केली. समुद्र ओलांडणाऱ्या निर्वासितांना ती विकली जाणार होती आणि त्यांत पाणी पिणारे, पॅकिंगचे साहित्य भरलेले होते. बाहेरून दोन्ही माल सारखेच दिसतात. म्हणून मालावर मानकाचा शिक्का पाहून, पक्के बिल घेऊन खरेदी करावी आणि दर हंगामाआधी प्रत्येक जॅकेट पाण्यात टाकून तपासावे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा २०२३ चा हिशेब सांगतो की बोटींच्या अपघातांत तिथे ५६४ माणसे गेली. ज्यांच्या मृत्यूचे कारण नोंदले गेले त्यांतील पाऊण भाग बुडून गेले, आणि बुडालेल्यांपैकी शेकडा ८७ जणांच्या अंगात जॅकेट नव्हते. यापेक्षा साफ हिशेब कोणत्या वहीत सापडेल?

आमच्या भगिनींसाठी एक शब्द. साडी, ओढणी, बुरखा यांत पाणी भरले की वजन वाढते आणि पाय अडकतात. सुटा पदर इंजिनात किंवा पंख्यात ओढला जाण्याचा धोका असतो. म्हणून सैल कपडा आधी नीट खोचावा, मग जॅकेट सर्वांच्या वरून घालावे आणि पट्टे आवळावेत. जॅकेटवर बुरखा किंवा शाल नको.

आमच्या धरणांचे पाणी समुद्रासारखे नाही, ही गोष्ट मुंबईच्या सल्लागारांच्या ध्यानात येत नाही. एखाद्या वर्षी पाणी काठोकाठ, तर एखाद्या वर्षी तळ उघडा. मांजरा आटले तेव्हा २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. या पाण्याखाली जुन्या विहिरींचे कठडे आहेत, झाडांचे बुंधे आहेत, उठलेल्या वस्त्यांच्या भिंती आहेत. दिवाळीत जिथून बोट सुखरूप जाते तिथेच मार्चमध्ये दगड पाण्याच्या वीतभर खाली असतो. समुद्राला भरती-ओहोटीचे तक्ते तरी आहेत, आमच्या धरणात असला नकाशा कोणी काढला आहे? शिवाय आमचा जिल्हा दुष्काळी. पाणी पाहून आनंद होतो, पण पाण्याची सवय नाही. पोहता येणारे थोडे.

उन्हाळ्याअखेरच्या वावटळीचे काय होते ते उजनीने दाखवले. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोहून वाचला, सहा गेले. दोनच दिवसांनी, २३ मे रोजी, अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्यांना शोधणारी बचाव पथकाची बोट उलटली आणि पथकाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. आमच्या माजलगावच्या धरणातही सप्टेंबर २०२२ मध्ये पोहायला गेलेले एक डॉक्टर बुडाले आणि त्यांना शोधायला कोल्हापूरहून आलेला जवानही जिवंत परतला नाही. म्हणजे एकाची गफलत वाचवायला येणाऱ्याचाही जीव घेते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ प्रवासी बोट बुडू लागली. तिच्यावर ८८ लोक होते. रायगड पोलिसांची गस्ती बोट जवळ होती, ती वेळेवर पोहोचली आणि सर्व ८८ वाचले. नशिबाइतकीच ती बंदोबस्ताची करामत होती.

कायदा नाही असेही नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. त्यात यांत्रिक बोटीची नोंदणी, तपासणी, चालवणाऱ्याचे प्रमाणपत्र आणि विमा या चारही गोष्टी आहेत. महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड १९९६ च्या कायद्याने उभे आहे. पण बोर्डाची कचेरी समुद्राकडे आणि आमचे धरण कोरडवाहू मुलखात. मध्ये पाटबंधारे खाते, तहसील, पोलीस आणि ग्रामपंचायत. जिथे पाच मालक असतात तिथे दुकानाला कुलूप कोणीच लावत नाही.

काही तरुण मित्र म्हणतात, इतके नियम पाळले तर फेरीचा दर वाढेल आणि गिऱ्हाईक येणार नाही. आमचे उत्तर व्यापाऱ्याचे आहे. बडोद्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरली होती आणि जॅकेट सर्वांना दिलेले नव्हते. त्या दिवशी चार फेऱ्यांचे भाडे वाचले असेल, पण तो धंदा त्याच संध्याकाळी बुडाला. कापड खराब निघाले तर आम्ही ठाण परत घेतो, पैसे फिरवून देतो. गेलेले माणूस कोणत्या काउंटरवर परत द्यायचे? बोटीत बसणारा आपला जीव आणि लेकरे चालवणाऱ्याकडे अमानत म्हणून ठेवतो. ती सांभाळण्याचा खर्च भाड्यातच धरला पाहिजे.

म्हणून जिल्हा प्रशासनाला आणि आमच्या व्यापारी बांधवांना आमची सूचना अशी. आधी धरणाच्या तळाचा नकाशा काढावा आणि पाण्याची पातळी ठराविक खुणेखाली गेली की वेगाच्या बोटी बंद ठेवाव्यात. पोहणारे, मासेमारी आणि बोटी यांच्या जागा तरंगत्या खुणांनी वेगळ्या कराव्यात. प्रमाणपत्राशिवाय कोणाला चालवू देऊ नये. इंजिनाची दोरी आणि प्रत्येकाला मापाचे जॅकेट ही अट काठावरच तपासावी. क्षमतेचा आकडा बोटीवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहावा. पहिल्या बोटीआधी बचावाची बोट पाण्यात उतरवावी. वारा उठला किंवा अंधार पडला की फेरी बंद, मग गिऱ्हाईक कितीही रागावो.

हे सर्व करून कोणी धंदा उभा करत असेल तर आम्ही स्वतः त्यात पैसा घालायला तयार आहोत. हे न करता कोणी उद्घाटनाची फीत कापणार असेल, तर निदान त्या फितीसाठी आमच्या दुकानातून कापड मागू नये.