चुन्याची निवळी आणि जांभळे दगड



आमच्या घरी येणारा पाहुणा दिवाणखान्यातली काचेची टाकी बघतो आणि मासे राहिले बाजूला, पहिला प्रश्न हाच करतो, "दगडांना रंग दिलाय का हो?" मुले तर काचेला नाक लावून बसतात. रंगबिंग काही नाही. दगडांवर जो गुलाबी, जांभळा थर दिसतो ते शेवाळ आहे. विहिरीच्या पायरीवर पाय घसरतो ते हिरवे शेवाळ नव्हे. हे नखाने निघत नाही, हाताला शिंपल्यासारखे कठीण लागते. त्याला कोरलाइन शेवाळ म्हणतात. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याला माशांपेक्षाही याचे कौतुक जास्त, कारण मासे दुकानात मिळतात, हे घरी यावे लागते.

या वेळी त्याच्याविषयी लिहितो आहोत, कारण दोन-तीन घरांतून फोन आले. टाकी घेतली, दगड आणले, सहा महिने झाले तरी दगड पांढरेफटक. काय करावे?

आधी हे काय आहे ते मुलांसाठी सांगतो. हे लाल शेवाळांच्या जातीतले. त्याच्या अंगात एक लाल रंगद्रव्य असते, त्यामुळे समुद्रात खोलवर पोचणाऱ्या निळसर, मंद उजेडावरही त्याचे भागते. म्हणून दगडाच्या सावलीत ते छान धरते, आणि झगझगीत दिव्याखाली पुष्कळदा फिके पडते. दुसरी गोष्ट म्हणजे ते समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन आपल्या अंगात भरते. आपल्यापैकी जे अलिबागला, पनवेलला, मुंबईला शिकले त्यांना शाळेतला प्रयोग आठवत असेल. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारायची, पाणी दुधासारखे पांढरे व्हायचे. मास्तर म्हणायचे, निवळीतला चुना आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड मिळून चुनखडी झाली. हे शेवाळही चुनखडीच करते, पण कणाकणाने, स्वतःच्या अंगात, कुणाला न सांगता. (मुलांनो, प्रयोग मोठ्यांसमोरच करा. नळीतून फुंकायचे, ओढायचे नाही!)

तेव्हा खरे खाणे म्हणजे चुना. दुकानात "दगड जांभळे करणारी" बाटली मिळते. आम्हीही दोन आणल्या होत्या. पैसे गेले, दगड होते तसेच. पाणी बरोबर नसेल तर बाटली काही करत नाही, आणि पाणी बरोबर असेल तर बाटली लागत नाही.

पाणी बरोबर म्हणजे काय, ते तपासणीच्या किटवर कळते. कॅल्शियम दहा लाख भागांत ४०० ते ४५० भाग. मॅग्नेशियम १२५० ते १३५०, हे असले म्हणजे चुना आपला आपण पाण्यात साका होऊन बसत नाही. आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यात कार्बोनेटचा साठा किती आहे ते, किटच्या मापाने ८ ते ११. या तिन्हींत अल्कलिनिटीच आधी उतरते, म्हणून आठवड्यातून दोनदा तीच बघावी. खारेपणा समुद्राइतका, उष्णता ७६ ते ८० फॅरनहाइट. नळाचे पाणी घालू नये. त्यात फॉस्फेट असले की हिरवे केसाळ शेवाळ माजते आणि गुलाबी बिचारे खाली गुदमरते. आर.ओ.चे शुद्ध केलेले पाणीच वापरावे.

आता निवळी. टाकीतले पाणी रोज थोडे उडून जाते. त्याच्या जागी साधे पाणी न घालता चुन्याची निवळी घालायची. आमच्या आईने लहानपणी चमच्याने पाजलेली तीच ही निवळी, हे समजले तेव्हा आम्हांला हसूच आले. जर्मन नाव लावून कालकवासर म्हणून डब्यात विकतात, पण आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडच, भिजवलेला चुना. इथल्या सुपरमार्केटात लोणची-मुरंब्याच्या बाटल्या ठेवतात तिथे मिसेस वेजेसचा लोणच्याचा चुना मिळतो, तोही चालतो. पानाच्या डबीतला चुना मात्र नको, त्यात आणखी काय कालवले असेल सांगता येत नाही. एक गॅलन शुद्ध पाण्यात दोन चहाचे चमचे चुना ढवळून झाकून ठेवावा. रात्रभरात साका खाली बसतो. वरचे स्वच्छ पाणी घ्यावे, साका टाकीत जाऊ देऊ नये. आणि हे पाणी थेंब थेंब, रात्री सोडावे. दिवे बंद झाले की टाकीचे पाणी थोडे आम्लाकडे झुकते, निवळी ते सावरते. डोळ्यांत गेली तर फार भाजते, म्हणून बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये.

थेंब थेंब असे दोनदा का लिहितो, तेही सांगून टाकतो. २०११ साली भाचीच्या लग्नाला आम्ही दोघे तीन आठवडे अश्दोदला गेलो. शेजारणीने रोज साधे पाणी घातले, बिचारीने सांगितले तेवढे चोख केले. परत येऊन पाहतो तो अल्कलिनिटी ६ वर उतरलेली. घाबरलो. निवळीचा आख्खा जग घेतला आणि एकदम ओतला. पाच मिनिटांत टाकीत दूध! मास्तरांचा प्रयोग आमच्याच दिवाणखान्यात झाला. दोन मासे गेले. आणि पुढच्या चार दिवसांत पाच वर्षांचा जांभळा थर पांढरा पडला, जशी भिंतीला सफेदी केली. नातू तेव्हा सात वर्षांचा. तो म्हणाला, "नाना, दगड मेला का?" आम्ही काय उत्तर देणार? टाकी विकून टाकावी असे घरात बोलणेही झाले.

त्यानेच एक दिवस बॅटरी लावून मागच्या कपारीत एक ठिपका शोधला. एका डाइमच्या नाण्याएवढा, गुलाबी. तेवढाच. मग आम्ही काही म्हणजे काही केले नाही. रोज उडेल तेवढीच निवळी, आठवड्याला किट, आणि वहीत आकडे. नातू दर रविवारी काचेवर पट्टी धरून मापायचा. पहिले दोन महिने काहीच नाही. तिसऱ्या महिन्यात काचेवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले, तेव्हा आजीला स्वयंपाकघरातून ओढत आणले होते. दगड पूर्ववत व्हायला दीड वर्ष गेले.

ज्यांचे दगड अगदी कोरे आहेत त्यांना बी आणावेच लागते. दुकानातून सुके दगड घेतले असतील तर त्यांवर जिवंत काहीच नसते. फ्लोरिडात समुद्रातले नैसर्गिक दगड काढायला बंदी आहे. तिथे परवानेवाले लोक आपले दगड समुद्रतळाशी ठेवतात आणि काही वर्षांनी त्यांवर जीव धरला की काढून विकतात. ते महाग पडतात, पण पसाभर पुरे. नाहीतर कुणाच्या टाकीतला एक दगड मागावा, पाण्याखालीच सुरीने थोडा थर खरवडावा, आणि पंपाच्या धारेसमोर तो चुरा सोडावा. त्या दिवशी गाळणीची पिशवी काढून ठेवावी, नाहीतर बी सगळे तिच्यातच अडकायचे. हिरवळ खायला गोगलगायी ठेवाव्यात. सी-अर्चिन, तो काट्यांचा गोळा, घेऊ नका. तो जांभळा थरच कुरतडतो.

शब्बाथचे विचारतात. दिवे टायमरवर, आणि निवळीची बाटली शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी भरून थेंब लावून ठेवायचा. आपले पूर्वज शनवार तेली, घाणा बंद ठेवून त्यांचे चालले, आमची टाकीही एक दिवस आमच्या हाताशिवाय चालते. पेसाहला मात्र माशांच्या खाद्याचा डबा वाचा, बहुतेकांत गहू असतो. त्या आठवड्यात आम्ही गोठवलेली कोळंबी आणि समुद्री शेवाळाचे कागद घालतो. कोळंबी आपण खात नाही, माशांना कोण अडवणार?

हे शेवाळ किती जगते, ते वाचून आम्ही चकित झालो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातले वॉल्टर एडी यांनी आयुष्यभर याच शेवाळांचा अभ्यास केला. १९८० साली त्यांनी संग्रहालयात एक जिवंत प्रवाळ-टाकीही उभी केली होती. ते ज्यांत सामील होते अशा शास्त्रज्ञांनी २०१३ साली कॅनडाच्या थंड समुद्रातल्या कोरलाइन शेवाळाचे थर मोजून प्रसिद्ध केले. झाडाच्या खोडात वर्षाचे वलय असते तसा यातही वर्षाला एक थर. ती नोंद ६४६ वर्षे मागे गेली. थर कधी जाड, कधी बारीक, आणि त्यावरून समुद्रावर बर्फ किती होते ते कळले. शिवाजी महाराजांच्याही आधीपासून समुद्राच्या तळाशी कुणीतरी वही लिहीत होते म्हणायचे!

आणखी एक. पोवळ्याची पिल्ले जन्मल्यावर पाण्यात तरंगत फिरतात, डोळे नाहीत. तरी कुठेही बसत नाहीत. त्यांतल्या पुष्कळ जाती आधी हा गुलाबी थर शोधतात. त्यातून पाण्यात उतरणारी रसायने त्यांना कळतात, आणि मग ती तिथे चिकटतात ती कायमची. २०१५ च्या सुमारास आमच्या टाकीत एक छोटे पोवळे दिसले, आम्ही न आणलेले. त्याच कपारीत, त्या डाइमएवढ्या ठिपक्यावर.

नातू आता कॉलेजात आहे. फोन केला की आधी टाकीचे विचारतो, मग आमच्या गुडघ्यांचे.

कुणाला बी हवे असेल तर द्यायला आनंद आहे. शब्बाथ सोडून केव्हाही, आधी फोन करून यावे. झाकणाचा डबा आणावा, खारे पाणी आम्ही देऊ. घरी पोचेपर्यंत दगड सुकू देऊ नये, एवढेच.