करवतयंत्र विकण्यापूर्वी





विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीपुढे एक छोटासा विषय आहे. कार्यशाळेतील जुने करवतयंत्र कबाड्याला द्यावे आणि ती खोली संगणकांसाठी मोकळी करावी, असा तो प्रस्ताव. त्यामागचे कारण असे की यंत्राच्या टेबलात पात्याभोवती बसणारी धातूची पट्टी तडकली आहे, ती बाजारात मिळत नाही आणि तिच्याशिवाय यंत्र चालवणे धोक्याचे आहे. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे बैठकीआधी सर्वांसमोर मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ओतीव लोखंडाचे जड टेबल, त्याच्या पोटात मोटर, आणि टेबलाच्या मधोमध असलेल्या खिडकीतून वर आलेले १० इंचांचे गोल पाते. हातकरवतीत लाकूड स्थिर असते आणि करवत फिरते. इथे उलटे, लाकूड पात्याकडे सरकवायचे असते. पाते बदलताना हात आत जावा म्हणून ही खिडकी बरीच मोठी ठेवतात. आपल्या यंत्राची खिडकी सुमारे १४ इंच लांब, पावणेचार इंच रुंद आणि दोन्ही टोकांना गोलाकार आहे. तिला झाकणारी जी पट्टी, तिला इंग्रजी पुस्तकांत इन्सर्ट म्हणतात. आपल्या कार्यशाळेत सगळे तिला झाकणपट्टी म्हणतात, आणि मला तोच शब्द जास्त आवडतो.

कारखान्यातून आलेल्या झाकणपट्टीतील खाच मुद्दाम रुंद असते, कारण पाते ४५ अंशांपर्यंत कलते करता आले पाहिजे. पाते कापते ती रेघ जेमतेम ३ मिलिमीटरची, आणि खाच चांगली बोटभर. सगळी गोम या फटीत आहे. एखादी सडपातळ चिपाटी कापून सुटली की ती फटीत शिरते, पात्याच्या दातांत अडकते आणि काय होते ते कळण्याआधीच चालवणाऱ्याच्या अंगावर फेकली जाते. शिवाय पात्याचे पुढचे दात वरून खाली येतात, म्हणजे लाकडाचे तंतू खालच्या बाजूला ढकलतात. तिथे आधार नसेल तर तंतू तुटतात आणि प्लायची खालची कड उंदराने कुरतडल्यासारखी होते. विद्यार्थ्यांनी गेल्या प्रदर्शनासाठी केलेल्या पुस्तकांच्या मांडणीच्या कडा ज्यांनी जवळून पाहिल्या असतील, त्यांना हे लगेच पटेल.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. पट्टी तडकली नव्हती तेव्हाही ही फट होतीच. म्हणजे आज कोणी मूळ पट्टी आणून दिली तरी यंत्र पूर्वीइतकेच धोक्याचे राहील. याउलट आपण स्वतः पट्टी बनवली, आणि तिच्यातील खाच त्याच पात्याने कापून घेतली, तर खाच बरोबर पात्याएवढीच होते. फट उरतच नाही. चिपाटी आत शिरायला जागा नाही आणि लाकडाला अगदी दातापर्यंत आधार. जो भाग मिळत नाही म्हणून आपण यंत्र विकायला निघालो आहोत, तो भाग घरी बनवलेला अधिक चांगला असतो!

आम्ही बाजारात शोध घेतलाच नाही असे नाही. सियागंजात दोन दिवस हिंडून झाले. यंत्र बनवणारा कारखाना आता नाही. परदेशी बनावटीच्या प्रसिद्ध यंत्रांसाठी तयार कोऱ्या पट्ट्या मिळतात, पण जुन्या यंत्रांत प्रत्येकाच्या खिडकीचे माप वेगळे, टोकांची गोलाई वेगळी आणि पट्टी ज्या पायरीवर टेकते तिची खोलीही वेगळी. काही यंत्रांत ही पायरी केवळ ३ मिलिमीटर खोल असते. तिथे पट्टीची कड कोरून पातळ करावी लागते. आपल्या यंत्रात ती सुमारे अर्धा इंच आहे, हे आपले भाग्य.

आता पट्टी कशी करायची. पालकांपैकी जे या धंद्यात आहेत त्यांनी चूक दिसल्यास जरूर सांगावे.

पहिले काम मापाचे. यंत्राचा प्लग काढून, पाते उतरवून, खिडकीवर जाड कागद ताणून धरायचा आणि कडेवरून शिसपेन्सिल आडवी घासायची. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण सर्वांनी हे केलेले आहे. खिडकीची नेमकी आकृती कागदावर उमटते. मग ती प्लायवर चिकटवून, रेघेच्या बाहेर एक मिलिमीटर ठेवून हातकरवतीने कापायची आणि उरलेले कानशीने उतरवत न्यायचे. दोन घास, मग बसवून पाहणे. पुन्हा दोन घास, पुन्हा बसवून पाहणे. नववीच्या मुलांना भूमितीत वर्तुळखंड शिकवताना जे तासभर बोलूनही पोचत नाही, ते या गोल टोकाशी झटताना दहा मिनिटांत पोचते. हा शिक्षक म्हणून माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही.

लाकूड कोणते? सागवानाची पट्टी दिसायला सुंदर, पण सागही पावसाळ्यात रुंदीला थोडा फुगतो. मे महिन्यात बरोबर बसलेली पट्टी ऑगस्टमध्ये ठोकून काढावी लागेल. एमडीएफ सपाट असते, पण पाण्याचा थेंब तिचा शत्रू. आमच्या कार्यानुभवाच्या शिक्षकांचे मत ९ मिलिमीटर मरीन प्लाय घ्यावे, आणि त्याच्या वर व खाली दोन्हीकडे एक मिलिमीटर जाडीचा सनमायका चिकटवावा. दोन्हीकडे का? एकाच बाजूला लावला तर पट्टी पापडासारखी वाकते. सगळी मिळून जाडी ११ मिलिमीटर झाली, आणि पायरी तर अर्ध्या इंचाची. उरलेले दीड-पावणेदोन मिलिमीटर भरून काढायला चार कोपऱ्यांजवळ चार ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचे स्क्रू, जे वरून अॅलन-कीने फिरवता येतात. ते पायरीवर टेकतात आणि पट्टी वरखाली करतात. पोलादी पट्टी टेबलावर उभी धरून प्रकाशाकडे पाहत समतल जुळवायची. पुढच्या बाजूला, जिकडून लाकूड येते, झाकणपट्टी टेबलापेक्षा केसभरही उंच नको. मागच्या बाजूला केसभरही खाली नको. नाहीतर लाकूड ठेचकाळते, आणि पात्याजवळ ठेचकाळणे परवडत नाही. पट्टीच्या मागच्या टोकात एक खिळा आडवा बसवायचा, त्याचे डोके टेबलाच्या खाली अडकते. पात्याचे मागचे दात खालून वर येतात, ते पट्टीला उचलू पाहतात. त्यावर हा बंदोबस्त.

(जाता जाता एक गंमत. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे कार्यशाळेत माझ्या तोंडी आरी, रंदा, गुनिया हेच शब्द येतात. मुले घरी आजोबांकडून करवत, रंधा, गुण्या ऐकून येतात. गुनिया आणि गुण्या एकच, हे कळल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग भांडण कशाचं?" ते शब्द आता कार्यशाळेच्या भिंतीवर दोन्ही भाषांत लावले आहेत.)

शेवटचे काम खाच कापण्याचे, आणि इथे विद्यार्थ्यांना मज्जाव. १० इंचांचे पाते अगदी खाली उतरवले तरी ते पट्टीच्या पोटाला लागते आणि पट्टी नीट बसत नाही. म्हणून आधी खालच्या बाजूने पटाशीने एक खोबण करून घ्यायची. मग पट्टी बसवायची, तिच्यावर पात्याच्या रेघेपासून बाजूला, पुढून मागे जाणारी एक जाड फळी ठेवायची आणि फळीची दोन्ही टोके टेबलाला शिकंज्याने आवळायची. मोटर सुरू करून, स्वतः पात्याच्या सरळ रेषेत न उभे राहता, पाते हळूहळू वर आणायचे. पाते स्वतःची वाट स्वतः कापून घेते. हे काम वरचे संरक्षक झाकण काढून होते, म्हणून ते फक्त शिक्षक करतील, खोलीचे दार आतून बंद करून. कललेल्या पात्यासाठी वेगळी पट्टी लागते, जाड पात्यासाठी आणखी वेगळी, आणि प्रत्येकीवर मोठ्या अक्षरांत तसे लिहावे लागते.

आता प्रस्ताव मांडणाऱ्या सदस्यांची जी खरी चिंता आहे, तिच्याकडे येतो. झाकणपट्टीने बोटे वाचत नाहीत. ती चिपाटी अडवते, लाकडाची कड वाचवते. हाताला ती काहीच संरक्षण देत नाही. उलट फट बंद झाल्याने भुसा खाली कमी जातो आणि वर जास्त उडतो, तेव्हा चष्मा आणि तोंडाला पट्टी आणखीच आवश्यक. या यंत्राचा सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. अर्धवट कापलेले लाकूड आपल्या ताणाने मागे मिटते, पात्याला चिमटते, आणि वर येणारे मागचे दात त्याला उचलून चालवणाऱ्याकडे भिरकावतात. पंचतंत्रातील माकडाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. अर्ध्या चिरलेल्या ओंडक्यात सुतारांनी पाचर ठोकून ठेवलेली, माकडाने ती उपसली आणि ओंडका मिटला. ती पाचर म्हणजे याच दुखण्यावरचा उपाय. आपल्या यंत्राला पात्यामागे अशी पाचर आज नाही. पण नवी झाकणपट्टी करताना खाच मागे थोडी वाढवून तिच्यात पोलादाची पातळ उभी पट्टी पक्की करता येते. जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा किंचित जास्त आणि कापाच्या रेघेपेक्षा किंचित कमी. नव्या यंत्रांत ही पाचर पात्याबरोबर वरखाली होते, ते निश्चितच जास्त चांगले. बोट लागताच काही मिलिसेकंदांत पाते थांबवणारी यंत्रेही आता आहेत. मंडळ तसे यंत्र घेणार असेल तर मी हा लेख आनंदाने मागे घेईन.

तोवर माझे म्हणणे असे. पाचर आणि वरचे संरक्षक झाकण, दोन्ही बसल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. त्याची वायर सध्या मेन बोर्डातून काढलेली आहे, ती तशीच राहावी. यंत्र चालू झाल्यावरही कोणत्याही विद्यार्थ्याने, बारावीच्यासुद्धा, स्विचला हात लावू नये. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम २३ नुसार अल्पवयीन कामगाराला धोक्याच्या यंत्रावर लावण्याआधी त्याला धोक्यांची पूर्ण माहिती द्यावी लागे, आणि शिवाय पुरेसे प्रशिक्षण किंवा जाणत्या माणसाची देखरेख लागे. शाळा म्हणजे कारखाना नव्हे. आपला नियम त्याहून कडक असावा. मुलांनी माप घ्यावे, आखावे, हाताने कापावे, घासावे. यंत्रावर फळ्या चिरून देण्याचे काम शिक्षकांचे.

"मग मुलांना यंत्राचा उपयोग काय?" असे एका पालकांनी मला फाटकाशी विचारले. उपयोग हाच की हातकामाला लागणारे सरळ, काटकोनातले लाकूड शाळेतच तयार होते, आणि कार्यशाळा चालू राहते. यंत्र गेले की लाकूड बाहेरून चिरून आणावे लागेल. मग वर्षातून दोनदा आणू, मग एकदा, मग खोलीत संगणक येतील. संगणकांना माझा विरोध नाही, पण त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावर खोली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्यासोबत घालवण्याची कल्पना आहे. आपल्याकडे कार्यशाळा आधीपासून आहे, आणि ती आपण एका दीड वीत लांबीच्या पट्टीपायी बंद करणार, हे मला तरी शोभेसे वाटत नाही.

मंडळाकडे माझी विनंती एवढीच की निर्णय तीन महिने पुढे ढकलावा. तेवढ्या अवधीत दोन झाकणपट्ट्या, पाचर आणि संरक्षक झाकण तयार होईल. त्यानंतर यंत्रांची जाण असलेल्या, शाळेशी संबंध नसलेल्या एखाद्या अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी, आणि त्यांनी नकार दिला तर यंत्र त्याच आठवड्यात द्यावे. माझी हरकत राहणार नाही.

खिडकीचा पेन्सिलने घासलेला कागद सूचना फलकाशेजारी लावला आहे. ज्या पालकांकडे ९ मिलिमीटर मरीन प्लायचे दीड फुटाहून लांब तुकडे पडून असतील, त्यांनी ते शनिवारी अकरापर्यंत कार्यशाळेत पाठवावेत. तुकडा सपाट हवा, पाण्यात भिजलेला नको.