टाळी वेगाला की सुराला?

५ डिसेंबर १९८० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरमध्ये अल डी मेओला, जॉन मॅक्लॉग्लिन आणि पाको दे लुसिया या तीन गिटारवादकांनी जॅझ आणि फ्लॅमेंकोचा मेळ घातला. त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेत श्रोत्यांच्या शिट्या आणि आरोळ्याही ऐकू येतात. अतिद्रुत सुरावटींवर त्या विशेष उसळतात. हाच का रसिकतेचा निकष? आपल्याकडेही सतार-तबल्याच्या सवाल-जवाबाला सभागृह दणाणते, संथ आलापीला मात्र कुजबुज साथ देते. दाद हे कलावंताचे पोषण खरे. पण तीच त्याला वळणही लावते. टाळी केवळ वेगालाच मिळत गेली, तर उद्याचा वादक सुराची साधना कशासाठी करील? साधना श्रोत्यालाही चुकलेली नाही!