दहा अंशांचा हिशेब

ठाणें, कल्याण वा डोंबिवली येथील कित्येक घरांत दरसाल बारावीच्या परीक्षेस बसणारें एखादें मूल असतें, आणि रसायनशास्त्रांतील 'अभिक्रियेचा वेग' हें प्रकरण त्याच्या कपाळीं आठ्या आणतें. परवां आमच्या डोंबिवलीच्या पुतणीनें तेंच पान पुढें करून विचारिलें, "काका, तपमान दहाच अंशांनीं वाढलें तर वेग दुप्पट कां व्हावा? तीनशें केल्विनांत दहा म्हणजे शेंकडा तीन-साडेतीनच कीं!"

प्रश्न मार्मिक आहे. रेणूंची टक्कर झाली म्हणजे अभिक्रिया झालीच, असें नाहीं. टकरेच्या वेळीं कांहीं किमान ऊर्जा अंगीं असावी लागते, तीच सक्रियण-ऊर्जा. ती लाभलेले रेणू थोडे असतात. परंतु तपमान किंचित् वाढतांच हे थोडे झपाट्यानें वाढतात. सरासरी शेंकडा तीननें वाढते, पण उंबरठा ओलांडणारे दुप्पट होतात. हा संबंध स्वीडनच्या अर्‍हेनिअसनें १८८९ सालीं सूत्रांत बसविला.

आतां आंकडे पाहूं. २९८ वरून ३०८ केल्विनवर जातां वेग दुप्पट होण्यास सक्रियण-ऊर्जा मोलास सुमारें ५३ किलोजूल असावी लागते. तीच १२५ असेल, तर त्याच दहा अंशांत वेग पांचपट होतो! विद्यार्थ्यांनीं येथें दोन चुका टाळाव्या. तपमान केल्विनमध्येंच घ्यावें. आणि वायु-स्थिरांक ८.३१४ हा जूलमध्यें असल्यामुळें किलोजूलचे आधीं जूल करावे.

हें गणित केवळ पुस्तकांतलें नव्हे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत २६ मे २०१६ व २३ मे २०२४ या दिवशीं भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळां दहाहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं, दूरवरच्या घरांचीं तावदानें फुटलीं. दोन्ही वेळां त्याच आठवड्यांत बारावीचा निकाल लागलेला होता. दोषाचा निवाडा करणें हें या सदराचें काम नव्हे; त्यामागील शास्त्र मात्र आपल्याच प्रकरणांतलें आहे.

दुसर्‍या कारखान्यांत पेरॉक्साइड वर्गाचीं रसायनें हाताळलीं जात. यांतील दोन ऑक्सिजन-अणूंमधील बंध दुबळा असतो. कार्बन-कार्बन बंधास मोलास सुमारें ३४७ किलोजूल लागतात, तर यास १४६ च्या आसपास. बंध तुटून विघटन होतांना उष्णता बाहेर पडते, तिनें तपमान चढतें, त्यानें वेग आणखी वाढतो. वेगाची वाढ घातांकी. उष्णता निघून जाण्याची वाढ मात्र तपमानांतील फरकाच्या प्रमाणांतच. शिवाय पात्राची प्रत्येक बाजू दुप्पट केली, तर आंतील माल आठपट होतो, पृष्ठभाग चौपटच. म्हणून परीक्षानळींत निमूट राहणारी अभिक्रिया मोठ्या पात्रांत हाताबाहेर जाऊं शकते.

"मग असे पदार्थ करावेच कशाला?" पुतणीनें विचारिलें. प्लास्टिकच्या कित्येक जातींची घडण सुरू करण्यास तेच लागतात, बाळे. ते थंड जागीं, थोडथोडे ठेवावे, आणि थंडावा बंद पडला तर काय करावयाचें तें आधींच ठरवून ठेवावें, हाच त्यावर उपाय.

तिनें वहींत 'आठ' आणि 'चार' हे आंकडे शेजारीं शेजारीं लिहिले. परीक्षेंत त्यांस गुण मिळोत न मिळोत. उद्यां ती एखाद्या कारखान्यांत रसायनज्ञ म्हणून उभी राहिली, तर तेच आंकडे तिला आठवावे, एवढीच इच्छा.

पुढील महिन्यांत विद्युत्-रसायनाची उजळणी करूं.